वीस बरोबर उत्तरं

नागापूर, ४ फेब्रुवारी १९९४

चि. यशोधरा हिस,
भीमराजदादाचा सप्रेम जयभीम.

पत्र रागात लिहितोय, अक्षर सांभाळून घे. काल कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आसारामशी कडाक्याचं भांडण झालं. आसाराम म्हणजे माझ्या शेजारच्या लेथवरचा. भांडणाचं कारण ऐकलंस तर म्हणशील, दादा, एवढा मोठा घोडा झालास तू.

नगरच्या एका साप्ताहिकात कालपासून 'तपास लावा' नावाचं सदर सुरू झालंय. दर गुरुवारी टीव्हीवरच्या एका गुन्हेगारी मालिकेबद्दल तीन खुणा छापणार, आपण मालिका ओळखायची आणि पोस्टकार्डावर नाव लिहून पाठवायचं. स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या पत्त्यावरून. असं वीस आठवडे चालणार. ज्याची सगळ्यात जास्त उत्तरं बरोबर, त्याला चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. पहिल्या खुणा या:

१) तपास अधिकारी चहा बशीत ओतून पितो. २) त्याच्या कचेरीतलं घड्याळ कायम सव्वाचार दाखवतं. ३) दुसऱ्या भागात फाशी गेलेला खुनी पाचव्या भागात पोस्टमन म्हणून येतो.

आसाराम म्हणतो, 'ठाणे अंमलदार'. मी म्हणतो, 'फिर्यादी हजर'. त्यावरून तो मला सगळ्यांसमोर "तुला डोळे हायेत का बटनं?" असं म्हणाला. तूच सांग कोण बरोबर. शाळेत असताना तू मास्तरांच्या नकला करायचीस त्या मी विसरलेलो नाही. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. आणि तूही भाग घे. साप्ताहिक तिकडे उशिरा येत असेल तर मी दर गुरुवारी खुणा उतरवून टपालात टाकीन.

आत्याचे गुडघे कसे आहेत?

तुझा,
भीमराजदादा

*

तिसगाव, ८ फेब्रुवारी १९९४

प्रिय भीमराजदादा,
सप्रेम जयभीम.

तू चूक, तुझा तो आसारामही चूक. मालिका 'मुद्देमाल' आहे. 'ठाणे अंमलदार'मधला माणूस चहा पितच नाही, त्याला पित्ताचा त्रास आहे, प्रत्येक भागात गोळी मागतो. 'फिर्यादी हजर'मधला घाईचा माणूस, कपाने दोन घोटांत संपवतो. बशीत ओतून, फुंकर मारून, फुर्रकन आवाज करत पिणारा एकच, 'मुद्देमाल'चा इन्स्पेक्टर. आणि तो खुनी पोस्टमन झाला तेव्हा मी आईला लगेच म्हणाले होते, अगं, हा तर फाशी गेलेला. आवाज बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत मेल्याने! एवढ्या मोठ्या मुंबईत यांना दुसरा माणूस मिळू नये?

पोस्टकार्ड आजच टाकलं. इथे साप्ताहिक बस स्टँडवरच्या दुकानात तीन-चार दिवस शिळं येतं, तेव्हा खुणा तूच पाठव. उत्तरं मात्र सांगायची नाहीत. तुझी उत्तरं घेतली तर मी हरणारच आहे.

आम्ही छगनकाकांकडे बघतो. त्यांचं घर आमच्या वस्तीच्या तोंडाशीच आहे. रविवारी सकाळी बालवाडीला सुट्टी असते, तेव्हा मी आणि आई जातो. आईला त्या मालिकांचं भारी वेड. पण तिथे बसायची जरा अडचण होते आणि तिचे गुडघे अर्ध्या तासात ओरडायला लागतात. हा टीव्ही मिळाला ना दादा, तर आई आपल्या घरात खाटेवर पाय पसरून बघेल. मला बाकी काही नको.

यशोधरा

*

नागापूर, ८ एप्रिल १९९४

चि. यशोधरा,
सप्रेम जयभीम.

नऊपैकी नऊ! तुझं नाव छापून आलंय, 'कु. यशोधरा, तिसगाव'. कात्रण सोबत जोडलंय. माझी चार बरोबर, आसारामची तीन. तो आता माझ्याशी बोलत नाही, म्हणजे जरा शांतता आहे.

काल पोस्टकार्ड टाकायला मी स्वतःच साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो होतो. संपादक रंगनाथराव भेटले. मोठे सभ्य गृहस्थ. तुझी आस्थेने चौकशी केली, काय शिकली, काय करते, घरी कोण कोण. त्यांना तुझं फार कौतुक वाटलेलं दिसलं. मला चहासुद्धा पाजला.

तिथे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारा पुंजाराम नावाचा माणूस आहे, तो तर तुझा भक्तच झालाय. म्हणाला, "ह्या बाईचं कार्ड आलं की मी आधी त्येच वाचतो. उत्तर तर आस्तंच, पन खाली दोन वळी शिव्याबी आस्त्यात." काय लिहितेस तू पोस्टकार्डावर?

भीमराजदादा

*

तिसगाव, १३ एप्रिल १९९४

प्रिय दादा,

शिव्या नाहीत, सूचना लिहिते. सातव्या आठवड्यात त्यांनी छापलं की 'गुमशुदा डायरी'त कुत्र्याच्या भुंकण्यावरून खुनी सापडतो. साफ खोटं. कुत्रा भुंकत नाही म्हणून सापडतो. घरचाच माणूस होता, कुत्रा गप्प राहिला. लोकांना तपास लावायला सांगता आणि स्वतः नीट ऐकत नाही, एवढंच मी लिहिलं. यात शिवी कुठे आली?

संपादकांनी माझी चौकशी कशाला केली? तू काय काय सांगितलंस त्यांना? तुला कोणी चहा पाजला की तुझं तोंड सुटतं, हे मला ठाऊक आहे.

आई म्हणते, भीमराजला सांग, अकरा आठवडे राहिले. ती भिंतीवर कोळशाने रेघा मारते आहे. कोपऱ्यातला पाटा-वरवंटासुद्धा हलवला, टीव्ही तिथे ठेवायचा म्हणून.

यशोधरा

*

तिसगाव, २५ जून १९९४

भीमराजदादा,

आज आलेलं पत्र जसंच्या तसं उतरवून देते. नीट वाच.

'आपली वीसही उत्तरे बरोबर आहेत. तथापि आपल्या घरी दूरदर्शन संच नसल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. संच नसलेल्या घरातून असे सूक्ष्म तपशील समजणे शक्य नसल्याने ही उत्तरे नागापूर येथील आपले नातेवाईक पुरवीत असावेत असे मंडळाचे मत झाले आहे. सबब आपले नाव बाद करण्यात येत आहे. कळावे.'

नातेवाईक पुरवतो म्हणे! ज्या नातेवाइकाची वीसपैकी नऊ आली तो मला वीस पुरवतो! एवढाही हिशोब यांना येत नाही आणि हे लोकांना कोडी घालतात. आणि ज्याच्या घरी टीव्ही आहे त्यालाच टीव्ही द्यायचा होता तर तसं पहिल्याच दिवशी छापायचं होतं. मी पोस्टकार्डं वाचवून बालवाडीच्या मुलांना त्यावर चित्रं काढू दिली असती.

माझ्या घरी टीव्ही नाही हे त्यांना कोणी सांगितलं? तिसगावातून तिकडे कोणी गेलेलं नाही. मी वीस मालिका ओळखल्या आहेत, हा माणूस ओळखायला मला तीन खुणा लागत नाहीत.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती रोज कोपरा झाडते आहे.

यशोधरा

*

नागापूर, २८ जून १९९४

चि. यशोधरा,

मीच सांगितलं. शिव्या दे, पण आधी ऐक.

मला तुझा अभिमान वाटला गं. संपादक विचारत होते, ही मुलगी दिवसभर टीव्हीसमोरच असते काय? तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "अहो साहेब, तिच्या घरी टीव्हीच नाही! शेजारी बघते आणि तरी नऊपैकी नऊ!" मला वाटलं, त्यांना नवल वाटेल. वाटलंही. पण त्यातून ते हा अर्थ काढतील असं कोणाच्या मनात येईल?

काल पाळी बदलून घेतली आणि तिथे जाऊन भांडलो. आवाज एवढा चढला की खालचा पानवाला वर आला. शेवटी रंगनाथराव दोन गोष्टींवर कबूल झाले. पहिली, छगनकाकांकडून चिठ्ठी आण की ही मुलगी नेहमी आमच्या घरात बसून टीव्ही बघते. दुसरी, तू स्वतः येऊन त्यांच्यासमोर परीक्षा दे. दोन्ही गोष्टी तुझ्यासाठी हातचा मळ आहेत. छगनकाका भला माणूस, दोन ओळी लिहून द्यायला त्यांना काय जड आहे? गुरुवारी तीस तारखेला ये. माझी पहिली पाळी आहे, मला येता यायचं नाही, पण संध्याकाळी खोलीवर पेढे आणून ठेवतो.

चुकलेला,
भीमराजदादा

*

तिसगाव, २ जुलै १९९४

भीमराजदादा,

पेढे तूच खा. मी कचेरीतून थेट एस.टी. स्टँडवर गेले आणि मिळेल त्या गाडीने परत आले. तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती. आज राग थोडा खाली आला म्हणून लिहिते.

आधी चिठ्ठीचं. मी छगनकाकांकडे गेले. ते अंगणात दोर वळत होते. तू लिहिलंस तसं सांगितलं, 'घरात बसून बघते' एवढंच लिहून द्या. त्यांनी दोर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ल्हिऊन द्यायला काय न्हाई गं पोरी, पन 'घरात बसून' कसं ल्हिऊ? खोटं हुईल की. आन 'खिडकीतून' ल्हिलं तर ते पेपरात छापत्याल." साळूकाकू आतून म्हणाल्या, "मी तर मुद्दाम आवाज मोठा करती तुमच्यासाठी. आजून काय करू?"

आता तुला कळलं असेल. आम्ही त्यांच्या घरात कधीच बसलेलो नाही दादा. मी आणि आई बाहेरच्या खिडकीपाशी उभ्या राहून बघतो, चार वर्षं झाली. कोणी हाकलत नाही. 'आत या' असंही कोणी म्हणत नाही. गेल्या मे महिन्यात तू आला होतास आणि मॅच बघायला छगनकाकांकडे जाऊ म्हणालास, तेव्हा आईने तुला झोप आलीय तर पड म्हणून अडवलं होतं. तू शहरात राहणारा, तुझ्या नजरेला ते पडू नये एवढंच तिला वाटत होतं. मीही तुला 'अडचण होते' म्हणून लिहिलं. मला लाज वाटत होती, आणि लाज मला का वाटावी याचाच आता राग येतोय.

आता परीक्षा. चिठ्ठी नाही म्हटल्यावर रंगनाथराव हसले. मग टेबलावर चार फोटो ठेवले, मासिकातून कापलेले. म्हणाले, ओळखा, कोण कुठल्या मालिकेतला.

मला एकही ओळखता आला नाही.

कसा येणार? सकाळी त्या खिडकीतून येणारा उजेड सरळ टीव्हीच्या काचेवर पडतो. आम्हाला पडद्यावर आमचीच डोकी दिसतात आणि मागे काहीतरी हलताना दिसतं. चेहरा मी एकाचाही नीट पाहिलेला नाही. पण बशीतला चहा, उजव्या बुटाची करकर, खोटं बोलण्याआधीचा खाकरा, दाराची कडी, हे सगळं मला पाठ आहे. मी म्हणाले, यांना बोलायला सांगा, एका वाक्यात नाव सांगते. ते म्हणाले, "फोटो बोलत नसतात, बाई." तिथे बसलेले दोघे जण फिदीफिदी हसले.

बक्षिसाचा खोका मागेच ठेवला होता. मी म्हणाले, हा उघडा, टीव्ही लावा, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते, कुठलीही मालिका लावा. म्हणाले, सील तोडता येत नाही, नवा माल आहे.

खोटारडी म्हणून मी घरी आले. आईला सगळं सांगितलं. तिने पाटा-वरवंटा पुन्हा कोपऱ्यात ओढून ठेवला.

यशोधरा

*

नागापूर, ७ जुलै १९९४

यशोधरा,

चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. काल लेथवर माझ्या हातून दोन जॉब वाया गेले. आसारामने विचारलं काय झालं, तर मी त्याला पत्रच वाचायला दिलं. तो वाचून म्हणाला, "आन मी म्हनत हुतो, तुला डोळं न्हाईत." एवढंच बोलला आणि माझा उरलेला जॉब त्याने करून दिला.

मी मे महिन्यात खरंच झोपलो होतो गं. आत्याने चादरसुद्धा घातली होती.

माझा टीव्ही मी तुम्हाला आणून देतो. मला पाळ्यांमुळे बघायला वेळ कुठे मिळतो? नाही म्हणू नकोस. आणि त्या साप्ताहिकाचा नाद सोड. ती माणसं आपल्या हाताबाहेरची आहेत. उगाच डोक्याला ताप.

भीमराज

*

तिसगाव, १२ जुलै १९९४

दादा,

तुझा टीव्ही तुझ्याकडेच ठेव. तो आणलास तर ते म्हणतील, बघा, नातेवाईकच पुरवतो. आणि हाताबाहेरची म्हणजे काय? त्यांना कोर्टात खेचणार नाही मी. त्यांचीच रीत वापरणार आहे. सोबतच्या पोस्टकार्डावर एक कोडं लिहिलंय. स्पर्धा संपल्यावर 'तपास लावा' चालू ठेवायला वाचकांकडून कोडी मागवली आहेत असं तूच मागे कळवलं होतंस. तर हे माझं:

१) या मालिकेत फिर्यादी, तपास अधिकारी आणि न्यायाधीश ही तिन्ही कामं एकच माणूस करतो, आणि त्याच्या पाठीमागे मुद्देमालाचा खोका सीलबंद ठेवलेला असतो. २) आरोपी बाईने वीस कोडी सोडवली, सगळी बरोबर. हाच तिचा गुन्हा. ३) पुरावा एकच: तिच्या घरी टीव्ही नाही.

ओळखा मालिका. नेऊन दे. छापणार नाहीत हे मलाही कळतं, पण त्यांनी वाचावं तरी.

यशोधरा

*

नागापूर, ६ ऑगस्ट १९९४

चि. यशोधरा,
कडक जयभीम!

छापलं! अठ्ठावीस जुलैच्या अंकात, चौकटीत, तुझ्या नावासकट. कात्रण बघ.

कसं छापलं ते सांगतो. मी कार्ड रंगनाथरावांना दिलंच नाही, थेट पुंजारामच्या हातात दिलं. सदराचं कोडं दर आठवड्याला तोच जुळवतो, साहेब 'कोणतंही एक बरं बघून घाल' म्हणून निघून जातात. तो वाचून म्हणाला, "हे बरं हाय." अंक सगळीकडे वाटून झाल्यावर साहेबांनी वाचलं.

आणि आता उत्तरं येतायत. परवापर्यंत त्रेचाळीस! पारनेरहून, पाथर्डीहून, श्रीगोंद्याहून. सगळ्यांत तेच उत्तर: मालिकेचं नाव 'तपास लावा', म्हणजे साहेबांचंच सदर! एका मास्तरांनी तर पुढे लिहिलंय, 'याचा पुढचा भाग कधी?' पोस्टकार्डं उघडीच असतात, त्यामुळे पोस्टमनपासून पानवाल्यापर्यंत सगळे वाचतात आणि मग साहेबांना देतात. आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावं छापायची, हा त्यांचाच नियम.

पुंजारामला चांगलीच बोलणी बसली. पण नगरात खिळे जुळवणारे आता उरलेत किती, तेव्हा ठेवलाय त्याला.

भीमराजदादा

*

तिसगाव, १७ ऑगस्ट १९९४

प्रिय भीमराजदादा,
सप्रेम जयभीम.

रविवारी आमच्या दारात टेम्पो आला. साप्ताहिकाचा एक माणूस खोका घेऊन उतरला. तोच खोका, सील न तोडलेला. त्याने तो उंबऱ्याच्या आत आणून ठेवला आणि खिशातून टाइप केलेला कागद काढला. म्हणाला, सही करा आणि टीव्ही ठेवून घ्या.

कागदावर लिहिलं होतं: 'सदरहू कोडे मी केवळ गमतीने पाठविले होते. स्पर्धेच्या निकालाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. हा संच मला उत्तेजनार्थ मिळाला.'

उत्तेजनार्थ! वीसपैकी वीस आणि उत्तेजनार्थ! मी विचारलं, पहिला कोण आला मग? तो म्हणाला, ते ठरायचंय.

खरं सांगते दादा, पेन हातात घेतलं होतं मी. खोका घरात आला होता. एक सही केली की आईचे चार वर्षांचे हाल संपले असते. मी कागद आईला वाचून दाखवला आणि म्हणाले, तू सांगशील ते करते. आई खाटेवर बसली होती. तिने विचारलं, "म्हंजी तू खोटं बोललीस, आसं ल्हिलंय का त्यात?" मी म्हणाले, सरळ नाही, पण अर्थ तोच. ती उठली. त्या माणसाला म्हणाली, "माजं गुडघं दुखत्यात, हात न्हाई दुखत. धरा तिकडून." आणि एका बाजूने खोका स्वतः उचलून तिने टेम्पोत नेऊन ठेवला. तो माणूस बिचारा 'अहो मावशी, अहो मावशी' करत मागे मागे.

टेम्पो येऊन गेल्याचं गावभर झालं. कोड्याचं कात्रण बस स्टँडवरच्या दुकानदाराने आधीच लावून ठेवलं होतं. साळूकाकूंनी काय करावं? खिडकीबाहेर बाक ठेवला! बाहेर! मला म्हणाल्या, "आता तुज्या आईला उभं ऱ्हावं लागनार न्हाई." त्यांना वाटतं त्यांनी फार मोठं काम केलं. आई त्या बाकावर बसली नाही, आणि मीही खिडकीपाशी जायचं बंद केलं. आम्ही येत नाही म्हणून साळूकाकूंनी आवाज आणखी वाढवलाय. तो आता थेट आमच्या दारात येतो. आई खाट दाराशी ओढून, पाय पसरून ऐकते, आणि खुनी कोण ते माझ्या आधी सांगते.

पुंजारामभाऊंना माझा जयभीम सांग. नवी स्पर्धा जाहीर झाली म्हणतात, तेव्हा खुणा पाठवत जा. पोस्टकार्डांचा गठ्ठा आणून ठेवलाय. प्रत्येकावर माझं नाव, गावाचं नाव, आणि पत्त्याच्या खाली एक ओळ आत्ताच लिहून ठेवली आहे, पोस्टमनला चालता चालता वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरात: घरी टीव्ही नाही.

तुझी,
यशोधरा